पडद्यावरील चित्राचा इतिहास आणि घराघरांतील एक वाद



इतिहास हा विषय घेऊन कोणी व्यासपीठावर उभा राहिला की आपल्या भागातील श्रोत्यांना प्रथम आठवतात ते वाकाटक. ते साहजिकच आहे. आपल्या रिसोडहून बसने थोडक्या वेळात गाठता येणारे वाशीम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या बाजूस लोणारचे सरोवर. त्याचे वय तर हजारो वर्षांच्या मापाने मोजावे लागते. अशा जुन्या भूमीत उभा राहून मी आज जो इतिहास सांगणार आहे, तो जेमतेम चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा आहे. परंतु तो ऐकण्याजोगा आहे, कारण त्याचा एक तुकडा आज आपल्यापैकी अनेकांच्या घरात, टेबलाखाली, गुणगुणत बसलेला असतो आणि त्यावरून बापलेकांत व मित्रामित्रांत भांडणेही होतात. मी संगणकातील ग्राफिक्स कार्डाविषयी बोलत आहे.

प्रथम भांडणाची हकीकत सांगतो, म्हणजे विषयाचे मोल ध्यानात येईल. एका उन्हाळ्यात मी भावाच्या घरी गेलो होतो. पुतण्या तोंड पाडून बसला होता. त्याच्या संगणकावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांनी पडद्यावर रंगीबेरंगी चौकोन उमटत आणि मग सारा पडदा काळा होई. पुतण्याचे निदान तयार होते : "काका, या कंपनीचं कार्डच बेकार. दुसऱ्या कंपनीचं घ्यायला पाहिजे." त्याचा मित्र शेजारी होता, त्याचे मत नेमके उलट. त्याच्या मते कार्ड उत्तम होते, दोष खेळाचा होता. एक हिरव्या निशाणाचा भक्त, दुसरा तांबड्या निशाणाचा. भावाचा प्रश्न मात्र साधा होता. "बाप्पा, कालच हरभऱ्याचे पैसे आले. पंचवीस हजार त्या डब्यात काहून घालू?"

या प्रश्नाला मान देऊनच मी आजचे व्याख्यान रचले आहे. पंचवीस हजार रुपये ही आपल्याकडे लहान रक्कम नव्हे. ती खर्च करण्यापूर्वी दोष कोठे आहे हे समजले पाहिजे आणि दोष कोठे असतो हे समजण्यास इतिहासासारखा दुसरा गुरू नाही. त्या घरात पुढे काय झाले ते शेवटी सांगेन.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, हे आधी थोडक्यात पाहू. संगणकाचा पडदा हा ठिपक्यांचा बनलेला असतो. आज सर्वसामान्य पडद्यावर आडव्या ओळीत १९२० आणि उभ्या ओळीत १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. खेळ चालू असताना हे सारे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढावे लागते. गुणाकार केला तर एका सेकंदात १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. संगणकाच्या मुख्य मेंदूवर हे काम टाकले तर त्याला दुसरे काही सुचणारच नाही. म्हणून चित्र काढण्यासाठी एक वेगळा कारकून नेमलेला असतो. त्याची स्वतःची स्मृती असते, स्वतःचा पंखा असतो व त्याला वेगळी वीजही लागते. तोच हा ग्राफिक्स कार्ड नावाचा गृहस्थ.

१९८१ साली आयबीएम या अमेरिकन कंपनीने आपला घरगुती संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्यासाठी दोन प्रकारची कार्डे मिळत. एक होते केवळ मजकुराचे. त्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी एका रंगात सुबक दिसत. परंतु त्यावर चित्र म्हणून काढता येत नसे. दुसरे होते रंगीत. त्यावर चित्र निघे, परंतु ३२० गुणिले २०० ठिपक्यांत, आणि एका वेळी चारच रंग. अक्षरे मात्र त्यावर ओबडधोबड दिसत. कचेरीला एक कार्ड, करमणुकीला दुसरे, अशी ही वाटणी होती. कोणते कार्ड चांगले, हा वाद येथपासूनच सुरू झाला.

आणि तक्रारीही येथूनच सुरू झाल्या. त्या रंगीत कार्डावर ८० अक्षरी मजकूर भराभर बदलू लागला की पडद्यावर पांढरे ठिपके भुरभुरत. त्या काळच्या लोकांनी त्याला 'हिमवर्षाव' असे नाव दिले होते. पुष्कळांना वाटे, कार्ड बिघडले. वास्तविक कार्ड बिघडलेले नसे. त्याच्या स्मृतीला दार एकच होते. पडद्यावर काय दाखवायचे ते वाचण्यासाठी कार्ड त्या दारातून आत-बाहेर करी, आणि नेमक्या त्याच क्षणी मुख्य मेंदू त्याच दारातून नवा मजकूर आत घालू पाही. दोघांची टक्कर झाली की एक ठिपका चुके. शहाण्या प्रोग्रॅमरांनी त्यावर उपाय शोधला. पडद्यावरील एक फेरी संपून दुसरी सुरू होण्यापूर्वी जो क्षणभराचा विसावा असतो, तेवढ्यातच लिहावयाचे. कार्ड तेच राहिले, संगणक तोच राहिला, आणि हिमवर्षाव थांबला.

श्रोतेहो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पहिल्याच बिघाडाने आपल्याला असे शिकवले की दोष पुष्कळदा या वस्तूतही नसतो आणि त्या वस्तूतही नसतो. तो दोन वस्तूंच्या सांध्यात असतो. सुताराला विचारा, तो सांगेल की लाकूड फार क्वचित मोडते, सांधा निखळतो.

यापुढची गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची आहे. १९८२ साली व्हान सुवन्नुकुल नावाच्या थायलंडमधील एका विद्यार्थ्याने अमेरिकेत एक नवे कार्ड तयार केले. त्याचे नाव हर्क्युलिस. त्याने हा खटाटोप खेळांसाठी केला नव्हता. त्याला आपला प्रबंध थाई लिपीत लिहावयाचा होता आणि आयबीएमच्या सुबक कार्डावर इंग्रजीखेरीज दुसरी लिपी उमटत नव्हती. त्याने असे कार्ड रचले की ज्यावर मजकूर तितकाच सुबक दिसावा आणि ७२० गुणिले ३४८ ठिपक्यांत हवी ती आकृतीही काढता यावी. ते कार्ड जगभर खपले. आपल्या भाषेचे अक्षर पडद्यावर दिसावे, या एका माणसाच्या हट्टातून ग्राफिक्स कार्डांच्या धंद्यातील एक मोठे नाव जन्मास आले.

हीच अडचण आपल्या देवनागरीपुढेही होती, किंबहुना अधिक बिकट स्वरूपात. त्या यंत्रांना अक्षराचा एक ठरावीक चौकोन ठाऊक असे. रंगीत कार्डात तो आठ ठिपके रुंद व आठ ठिपके उंच होता. त्यात इंग्रजी अक्षर नीट बसे. आता आपण 'कर्तृत्व' हा शब्द घ्या. वर रफार, खाली ऋकार, शेवटी जोडाक्षर. आठ ठिपक्यांच्या उंचीत हे मावावे कसे? बरे, ऱ्हस्व वेलांटी आपण उच्चारतो व्यंजनानंतर, परंतु ती दिसते त्याच्या आधी. यंत्राला हे कोणी समजावून सांगावे? वाकाटकांच्या ताम्रपटांत अक्षरांच्या डोक्यावर लहानसा चौकोन कोरलेला आढळतो. त्या लिपीला पेटिकाशीर्षक लिपी असे म्हणतात. तेथे अक्षराच्या डोक्यावर पेटी होती. येथे साऱ्या अक्षरालाच पेटीत कोंबण्याची वेळ आली होती.

कानपूरच्या आयआयटीमध्ये या प्रश्नावर काम झाले आणि त्यात मोहन तांबे यांचा मोठा वाटा होता. १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि तेथे हे काम पुढे वाढले. त्याचे फळ म्हणजे 'जिस्ट' नावाचे कार्ड. ते संगणकाच्या खाचेत बसवले की पडद्याकडे जाणारा मजकूर ते आपल्या ताब्यात घेई, जोडाक्षरे व मात्रा जुळवी आणि देवनागरीच नव्हे तर इतर भारतीय लिप्यांतही तो दाखवी. त्या काळी कचेऱ्यांत चालणारे वर्डस्टार, डीबेस, लोटस यांसारखे प्रोग्रॅम इंग्रजीसाठी लिहिलेले होते. त्यांना कळतही नसे की आपण मराठीत काम करीत आहोत. प्रोग्रॅमांत एक अक्षर न बदलता मराठी नावांच्या याद्या पडद्यावर दिसू लागल्या, त्या या कार्डामुळे.

त्याबरोबर दुसरेही काम झाले व ते अधिक टिकाऊ ठरले. कोणत्या अक्षराला कोणता अंक द्यावा याचे एक प्रमाण ठरले. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ते 'इस्की' या नावाने स्वीकारले. १९८६ साली ठरलेला 'इनस्क्रिप्ट' हा कळफलकही त्याच विचाराचा. पुढे युनिकोड ही जागतिक अक्षरसूची तयार झाली, तेव्हा तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ सालच्या आराखड्यावरूनच घेतली गेली. २००० साली विंडोजमध्येच भारतीय लिप्यांची सोय आली आणि मराठीसाठी वेगळे कार्ड विकत घेण्याची गरज संपली.

काही जण खंत करतात की आपले कार्ड मागे पडले. मला तसे वाटत नाही. कालवा पूर्ण झाल्यावर मोटेची गरज उरत नाही. म्हणून मोट हाकणाऱ्याचे श्रम वाया गेले असे कोणी म्हणत नाही. आज रिसोडचा शेतकरी मोबाईलवर मराठीत निरोप धाडतो. त्या निरोपातील प्रत्येक अक्षराला जो अंक आहे, त्याची मांडणी त्या जुन्या खटाटोपातून आली आहे.

आता खेळांकडे वळू. १९९३ च्या डिसेंबरात 'डूम' नावाचा खेळ आला आणि जगभरच्या तरुणांची झोप उडाली. परंतु त्यातील सारे चित्र संगणकाचा मुख्य मेंदूच काढी. १९९६ साली 'क्वेक' आला. त्यात सारे जग त्रिकोणांचे बनलेले होते. त्याच वर्षी थ्रीडीएफएक्स या कंपनीचे 'वूडू' कार्ड निघाले. ते केवळ त्रिमिती चित्रे काढी. रोजच्या कामाला जुने कार्ड लागेच. दोन्ही कार्डे एका आखूड तारेने मागून जोडावी लागत, आणि त्या तारेपायी साध्या मजकुराची चित्रे किंचित पुसट होत. येथेही पाहा, तक्रार आली ती जोडावरच.

याच सुमारास दुसरी एक कंपनी बुडता बुडता वाचली. १९९३ साली स्थापन झालेल्या एनव्हिडियाने १९९५ मध्ये जे पहिले कार्ड काढले, ते त्रिकोणांऐवजी वक्र पृष्ठांनी चित्र रचणारे होते. कल्पना वाईट नव्हती. परंतु मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्स नावाची जी सामाईक पद्धत ठरवली, ती त्रिकोणांची होती. साऱ्या बाजाराने शेराचे माप मान्य केल्यावर एकट्याने पायलीने मोजून कसे भागणार? ते कार्ड पडले. सेगा या जपानी खेळकंपनीच्या पैशावर एनव्हिडियाने कसाबसा तग धरला, त्रिकोणांची वाट धरली आणि १९९७ साली 'रिवा १२८' हे कार्ड काढून ती पुन्हा उभी राहिली. १९९९ मध्ये 'जीफोर्स २५६' आले.

थ्रीडीएफएक्सचे नेमके उलटे झाले. तिची खेळांशी बोलण्याची स्वतःची एक भाषा होती, 'ग्लाइड' नावाची. त्या भाषेत लिहिलेला खेळ तिच्याच कार्डावर चाले. आरंभी हा किल्ला वाटला. पुढे तीच कोठडी ठरली. जोवर ती इतर कारखानदारांना चिप विकत होती, तोवर तिला मित्र पुष्कळ होते. १९९८ मध्ये तिने एक कार्ड-कारखाना विकत घेऊन स्वतःच कार्डे बनवण्याचे ठरवले आणि ते मित्र प्रतिस्पर्ध्याकडे गेले. २००० च्या डिसेंबरात तिची मालमत्ता एनव्हिडियानेच घेतली. चार वर्षांपूर्वी ज्या नावावरून तरुण एकमेकांशी भांडत होते, ते नाव बाजारातून उठले.

मग उरला तो दोन घराण्यांचा सामना. एकीकडे एनव्हिडिया आणि दुसरीकडे कॅनडातील एटीआय. एटीआयची स्थापना १९८५ ची. २००६ साली ती एएमडीने विकत घेतली आणि 'रेडिऑन' हे तिचे नाव पुढे चालू राहिले. हिरवा आणि तांबडा हे जे दोन पक्ष माझ्या भावाच्या घरात भांडत होते, ते हेच.

या दोन पक्षांची भक्ती करणाऱ्यांनी दोन जुनी प्रकरणे अवश्य वाचावीत. पहिले २००१ चे. एटीआयचे 'रेडिऑन ८५००' हे कार्ड 'क्वेक ३' या खेळात वेगवान दिसे. काही परीक्षकांना शंका आली. त्यांनी खेळाच्या फाइलीत 'क्वेक' हे नाव जेथे जेथे होते तेथे 'क्वॅक' असे केले, बाकी काहीच बदलले नाही. आणि कार्डाचा वेग कमी झाला! म्हणजे कार्डाबरोबर येणारा ड्रायव्हर खेळाचे नाव ओळखून चित्राची गुणवत्ता गुपचूप उतरवीत होता आणि त्या मोबदल्यात वेग मिळवीत होता. इंग्रजीत क्वॅक हा बदकाचा आवाज, आणि भोंदू वैद्यालाही तोच शब्द. त्यामुळे त्या परीक्षेचे नाव चांगलेच गाजले. कंपनीने पुढे ड्रायव्हर सुधारला.

दुसरे प्रकरण २००३ चे, आणि पक्ष दुसरा. फिनलंडमधील फ्युचरमार्क कंपनीचा '३डीमार्क०३' हा कार्डांची परीक्षा घेणारा प्रोग्रॅम होता. त्यातील दृश्यातून कॅमेरा नेहमी एकाच ठरलेल्या वाटेने जाई. एनव्हिडियाचा ड्रायव्हर ही परीक्षा ओळखून, वाटेवरून जे दिसणारच नाही ते काढण्याचे टाळतो, असे फ्युचरमार्कने जाहीर केले. प्रश्नपत्रिका आधी ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याने तेवढ्याच उत्तरांचे पाठांतर करावे, तसा हा प्रकार. पुढे दोन्ही कंपन्यांनी संयुक्त पत्रक काढून शब्द सौम्य केले. तात्पर्य, लबाडीचा डाग एका निशाणावर आणि दुसरे धुतल्या तांदळासारखे, असे इतिहासात दिसत नाही.

बिघाडांचेही तसेच आहे. २०२२ मध्ये एनव्हिडियाच्या 'आरटीएक्स ४०९०' या महागड्या कार्डाचा वीज पुरवणारा जोड वितळल्याच्या तक्रारी आल्या. तपासात पुष्कळ ठिकाणी असे निघाले की तो जोड पुरता आत बसवलेला नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस एएमडीच्या 'आरएक्स ७९०० एक्सटीएक्स'ची काही कार्डे फाजील तापू लागली. त्यांच्या एका तुकडीतील थंड करणाऱ्या बंद कुपीत दोष होता, हे कंपनीने मान्य केले. आणि तिसरा गडी इंटेल. त्याचीही 'आर्क' कार्डे २०२२ मध्येच आली. नवे खेळ ती बरे चालवीत, परंतु जुन्या पद्धतीच्या खेळांत अडखळत. काही महिन्यांनी इंटेलने ड्रायव्हर सुधारून दिला, आणि त्याच कार्डावर तेच जुने खेळ पुष्कळच सुधारले. धातू तोच, चिप तीच. बदलला तो फक्त दुभाष्या.

ड्रायव्हर म्हणजे दुभाष्याच. खेळ एका भाषेत बोलतो, कार्ड दुसऱ्या भाषेत ऐकते. मध्ये ड्रायव्हर बसतो. दोन्ही पक्ष सज्जन असले तरी दुभाष्याने चुकीचा अर्थ सांगितला तर तंटा होणारच.

आता आपण या इतिहासावरून निदानाची रीत ठरवू. वैद्य नाडी पाहतो, जीभ पाहतो, मग औषध देतो. तसे येथेही क्रमाने चालावे.

पहिला प्रश्न : दोष एकाच खेळात दिसतो की सर्वांत? एकाच खेळात दिसत असेल तर कार्डाला दोष देण्याची घाई करू नये. त्या खेळाची फाइल बिघडली असेल, किंवा खेळ आणि ड्रायव्हर यांचे पटत नसेल.

दुसरा प्रश्न मला सर्वांत आवडतो. पडद्यावर दोष दिसत असताना त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो दुसऱ्या यंत्रावर, म्हणजे मोबाईलवर, पाहावा. तेथेही रेघा व चौकोन दिसले तर चित्र कार्डात किंवा त्याच्या अलीकडेच बिघडलेले आहे. तेथे चित्र स्वच्छ दिसले तर कार्ड बहुधा निर्दोष. दोष तारेत किंवा पडद्यात आहे. या परीक्षेला एक पैसाही लागत नाही.

तिसरा प्रश्न : संगणक सुरू करताना, विंडोज येण्यापूर्वी जो पहिला मजकूर उमटतो, तेथेही दोष दिसतो काय? त्या वेळी दुभाष्या अजून कामावर आलेला नसतो. म्हणून तेथे दोष दिसला तर ड्रायव्हरवर संशय घेऊ नये. तो कार्डाच्या अंगातला किंवा तारेचा समजावा.

चौथा प्रश्न : ड्रायव्हर अलीकडे बदलला होता काय? बदलला असेल तर जुना पुरता काढून, पूर्वी चालत होता तो घालून पाहावा. नवे ते सारे चांगलेच असते असे नाही.

पाचवा प्रश्न उष्णतेचा आणि विजेचा. दोष लगेच येतो, की यंत्र तापल्यावर? खेळ रंगात आला की संगणक एकदम बंद पडून पुन्हा सुरू होतो काय? तसे असेल तर वीज पुरवणारा डबा अपुरा पडत असण्याचा संभव आहे. त्याच वेळी कार्डाचे जोड पुरते आत बसले आहेत की नाहीत, हेही पाहावे. अर्थात यंत्र बंद करून व वीज तोडून.

आणखी एक गोष्ट सांगतो, तिला हसू नये. नवे कार्ड घातल्यावर पडद्याची तार पुष्कळ जण मदरबोर्डच्याच जुन्या खाचेत ठेवतात. मग पंचवीस हजारांचे कार्ड आत रिकामे बसते आणि साधे अंगभूत चित्रयंत्र धापा टाकीत खेळ चालवते. तार कार्डाच्या खाचेत आहे की नाही हे पाहण्यास यंत्रज्ञ लागत नाही, वाकून पाहावे लागते.

आता भावाच्या घरची गोष्ट पुरी करतो. आम्ही याच क्रमाने गेलो. दोष साऱ्या मोठ्या खेळांत होता. स्क्रीनशॉट मोबाईलवर पाहिला, तर तेथेही रंगीत चौकोन दिसले. म्हणजे पडदा आणि तार सुटले. आरंभीच्या मजकुरात दोष नव्हता. जुना ड्रायव्हर घालून पाहिला, फरक पडला नाही. मग तापमान दाखवणारा प्रोग्रॅम चालू ठेवून खेळ सुरू केला. आकडा चढत चढत नव्वदीच्या पुढे गेला आणि चौकोन उमटले. बाजूचे झाकण उघडले. संगणक लाकडी कपाटाच्या बंद कप्प्यात, भिंतीला टेकून ठेवलेला होता. शेजारच्या खोलीत कुटार भरलेले. कार्डाच्या पंख्यावर व पात्यांच्या मागील जाळीवर कुटाराच्या धुळीचा असा थर बसला होता की वारा जाण्यास वाट नव्हती. पंखा फिरत होता, पण स्वतःभोवतीच.

मऊ कुंचल्याने सारे झाडले, वाळलेली थर्मल पेस्ट बदलली, संगणक कपाटाबाहेर मोकळ्यावर ठेवला. सारा खर्च तीनशे रुपयांच्या आत झाला. त्या संध्याकाळी पुतण्या दोन तास खेळला. चौकोन उमटले नाहीत. हिरवा पक्ष आणि तांबडा पक्ष दोघेही जरा गप्प होते. कार्ड निर्दोष होते, खेळही निर्दोष होता. दोष होता तो कार्ड आणि खोली यांच्या सांध्यात. ज्या परदेशी कारखान्यात ते कार्ड आखले गेले, तेथे कोणाला रिसोडच्या उन्हाळ्याची आणि कुटाराची कल्पना असणार? ती आपल्यालाच असावी लागते.

म्हणजे कंपन्यांची तुलना करूच नये काय? अवश्य करावी. परंतु ती निशाणावरून न करता कामावरून करावी. आपल्याला कोणते खेळ खेळावयाचे, आपला पडदा किती ठिपक्यांचा, वीज पुरवणारा डबा किती ताकदीचा, वॉरंटीसाठी कार्ड अकोल्यास न्यावे लागेल की मुंबईस धाडावे लागेल, हे प्रश्न आधी विचारावेत. 'जीटीएक्स ९७०' या २०१४ च्या कार्डावर चार जीबी स्मृती लिहिली होती. तीतील शेवटचा अर्धा जीबी संथ होता हे पुढे उघड झाले, आणि २०१६ साली अमेरिकेतील ग्राहकांना प्रत्येकी तीस डॉलर देण्याची तडजोड करावी लागली. ते ग्राहक कंपनीचे वैरी नव्हते. पुष्कळ जण तिचे चाहतेच होते. परंतु त्यांनी मोजून पाहिले. मोजून पाहणारा चाहता हाच कंपनीला वळणावर ठेवतो.

शेवटी एक गोष्ट सांगून मी रजा घेतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारताला अमेरिकेकडून हवा तसा शक्तिमान महासंगणक मिळेना. तेव्हा पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम' महासंगणक उभारला गेला. 'परम ८०००' हा १९९१ साली पूर्ण झाला. भटकरांचा जन्म १९४६ मध्ये अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात झाला. त्या वेळी आपले वाशीमही अकोला जिल्ह्यातच होते. ते वेगळे झाले १ जुलै १९९८ रोजी. तेव्हा या कथेत आपला वाटा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. 'परम'चे तत्त्व काय होते? एक प्रचंड मेंदू मिळत नाही ना, मग अनेक लहान मेंदू एकत्र जोडून त्यांच्याकडून काम वाटून घ्यावे. सावड करून पेरणी उरकावी तसे.

आणि ग्राफिक्स कार्डाचे तत्त्व काय? नेमके तेच. लाखो ठिपके हजारो लहान गणकांत वाटून द्यावयाचे. २००६-०७ च्या सुमारास एनव्हिडियाने खेळांसाठी बनवलेल्या या गणकांना इतर शास्त्रीय हिशेब करण्याची मुभा देणारी सोय काढली, आणि दोन्ही वाटा एकत्र आल्या. २०२० साली त्याच सी-डॅकमध्ये 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक उभा राहिला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरातील जागतिक यादीत त्याचा क्रमांक ६३ वा होता. त्याच्या पोटात जे गणक आहेत, ते ग्राफिक्स कार्डांच्याच घराण्यातले आहेत. ज्या वंशावळीतील एक कार्ड माझ्या पुतण्याच्या टेबलाखाली कुटाराच्या धुळीत गुदमरले होते, त्याच वंशातील थोर मंडळी पुण्यात शास्त्रज्ञांचे हिशेब करीत आहेत.

म्हणून घरातील मुलगा खेळासाठी यंत्र उघडून बसला तर आईवडिलांनी लगेच डोक्याला हात लावू नये. वेळेची मर्यादा घालावी, अभ्यासाची आठवण द्यावी, हे सर्व योग्यच. परंतु त्याला एक प्रश्नही विचारावा : दोष नेमका कोठे आहे, तू कसा ठरवलास? या प्रश्नाचे उत्तर तो पायरी-पायरीने देऊ लागला, तर त्याची खेळातील संध्याकाळ वाया गेली नाही असे समजावे. आणि जर तो नुसते कंपनीचे नाव घेऊन भांडू लागला, तर त्याच्या हातात मऊ कुंचला द्यावा आणि आधी झाकण उघडावयास सांगावे.